परदेशी विक्रेता, लांबलेले पार्सल आणि तक्रारीची मुदत

२०२२ साली अमेरिकेत वॉलमार्टच्या संकेतस्थळावर ३० टेराबाइट क्षमतेची एसएसडी, म्हणजे फाइली साठवण्याची ड्राइव्ह, ४० डॉलरच्या आत विक्रीला ठेवलेली आढळली. एवढ्या क्षमतेची खरी ड्राइव्ह त्या वेळी मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरसाठीच मिळत असे आणि तिची किंमत हजारो डॉलरच्या घरात होती. सायबर सुरक्षेच्या एका अभ्यासकाने तशीच ड्राइव्ह अलीएक्सप्रेस या चिनी विक्री-संकेतस्थळावरून मागवून उघडली, तेव्हा आत यूएसबीचे एक साधे सर्किट आणि त्यावर गोंदाने चिकटवलेली दोन छोटी मेमरी कार्डे निघाली. संगणकाला मात्र ती ३० टेराबाइटचीच दिसत होती, कारण आतल्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे ड्राइव्ह चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, क्षमता खोटी नोंदवलेली होती. अशा ड्राइव्हमध्ये कार्डांची खरी जागा संपली की नवी फाइल जुन्या फाइलवर लिहिली जाते. फोल्डरमध्ये सगळी नावे जागच्या जागी दिसतात, पण फाइल उघडायला गेले की ती उघडत नाही.

ही फसवणूक ध्यानात यायला जो वेळ लागतो, त्यातच तिचा खरा घात आहे. पहिल्या आठवड्यात ग्राहक चार-दोन फाइली टाकून पाहतो, त्या नीट उघडतात, आणि समाधानाने तो पाच तारेही देऊन मोकळा होतो. पुढे घरातले फोटो आणि व्हिडिओ तिच्यात साठवत काही महिने जातात, आणि जुने फोटो बिघडल्याचे दिसते तेव्हा पैसे परत मागण्याची मुदत बहुधा उलटून गेलेली असते. परदेशात बसून गंडा घालणाऱ्या विक्रेत्यांच्या निरनिराळ्या क्लृप्त्या नीट पाहिल्या, तर त्यांतल्या बऱ्याचशा याच एका गोष्टीवर उभ्या असल्याचे दिसते. ग्राहकाची तक्रारीची मुदत संपेपर्यंत वेळ मारून न्यायची, एवढेच त्यांना साधायचे असते. म्हणून खरेदीदाराने स्वस्त-महाग पाहण्याइतकेच दिनदर्शिकेकडेही लक्ष ठेवले पाहिजे, असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

मुळात आपण माल कोणाकडून घेतो हे समजून घ्यावे लागेल. ॲमेझॉनने नोव्हेंबर २००० मध्ये आपल्या संकेतस्थळावर बाहेरच्या विक्रेत्यांना जागा दिली, आणि आज तिथे विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक वस्तू अशा विक्रेत्यांच्या असतात. ईबे तर १९९५ पासून केवळ मध्यस्थ म्हणूनच चालत आले आहे, आणि वॉलमार्टने २०२१ पासून चीनमध्ये नोंदलेल्या विक्रेत्यांनाही प्रवेश दिला. वरचे नाव ओळखीचे असल्यामुळे ग्राहक निर्धास्त असतो; व्यवहार मात्र त्या नावाशी नसून एखाद्या खातेदाराशी होत असतो. ॲमेझॉनवर खरेदीच्या बटणाजवळ दोन छोट्या ओळी असतात. माल कोण पाठवणार हे एकीत दिलेले असते आणि विकणारा कोण हे दुसरीत. दोन्हींत ॲमेझॉनचे नाव असेल तर गोष्ट वेगळी. माल ॲमेझॉनच्या गोदामातून येणार असून विक्रेता दुसराच असेल, तर निदान पार्सल निघते आणि परत घेतले जाते, मात्र वस्तूच्या दर्जाची खात्री मिळत नाही. दोन्हींत कोणी अनोळखी विक्रेताच असेल, तर पार्सल निघाले की नाही हेही त्याच्याच शब्दावर अवलंबून राहते. विक्रेत्याच्या नावावर क्लिक केले की त्याचे व्यावसायिक नाव आणि पत्ता दिसतो. अमेरिकेच्या ॲमेझॉनवर ही माहिती सप्टेंबर २०२० पासून दिली जाते. ती वाचायला अर्धे मिनिट लागते, तरी फार थोडे ग्राहक ती वाचतात.

आता भामट्याच्या बाजूने पाहू. विक्रीचे पैसे त्याला लगेच मिळत नाहीत, ते आधी मार्केटप्लेसकडे, म्हणजे विक्री घडवून आणणाऱ्या संकेतस्थळाकडे, जमा होतात. ॲमेझॉन पूर्वीपासून साधारण दर १४ दिवसांनी विक्रेत्यांचा हिशेब करत आले आहे. २०१७ च्या सुमारास चोरलेल्या पासवर्डच्या जोरावर जुन्या, बंद पडलेल्या पण चांगला लौकिक असलेल्या विक्रेत्यांची खाती बळकावली जात, त्यांवर शेकडो महागड्या वस्तू निम्म्या किमतीला टाकल्या जात, आणि पोहोचण्याची तारीख तीन-चार आठवड्यांनंतरची दिली जाई. परदेशातून माल यायचा म्हणजे उशीर होणारच, अशी ग्राहक स्वतःच स्वतःची समजूत घाली. तो पहिली चौकशी करेपर्यंत पैसे खात्यातून काढून घेतलेले असत. यावर उपाय म्हणून अनेक विक्रेत्यांचे पैसे आता माल पोहोचल्याची नोंद झाल्यावर आणखी काही दिवसांनीच सोडले जातात. सुधारणा चांगलीच होती, पण तिच्यामुळे भामट्यांच्या दृष्टीने ‘पार्सल पोहोचले’ या नोंदीचे मोल एकदम वाढले.

ती नोंद खोटी कशी तयार होते, हे थोडे तपशिलाने सांगायला हवे, कारण फसलेल्या माणसाला सर्वांत हतबल करणारा प्रकार हाच आहे. अमेरिकेच्या टपाल खात्याच्या ट्रॅकिंगमध्ये पार्सल कोणत्या शहरात आणि कोणत्या झिप कोडच्या (म्हणजे तिथल्या पिन कोडच्या) भागात दिले, एवढेच बाहेरच्या माणसाला दिसते; घर क्रमांक आणि नाव दिसत नाही. भामटा तुमच्याच झिप कोडमध्ये दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने जाणाऱ्या पार्सलचा नंबर मिळवतो, किंवा त्या भागातल्या कोणत्या तरी पत्त्यावर स्वतःच एक हलके पाकीट धाडतो, आणि तो नंबर तुमच्या ऑर्डरवर चढवतो. काही दिवसांनी तुमच्या खात्यात ‘डिलिव्हर्ड’ असे उमटते. तुम्ही दाराबाहेर पाहता, शेजाऱ्यांना विचारता, काहीच आलेले नसते. तक्रार करावी तर शहर आणि झिप कोड जुळल्याचे दाखवून ती विक्रेत्याच्या बाजूने निकालात निघू शकते. दुसऱ्या एका प्रकारात पाकीट खरोखर तुमच्याच पत्त्यावर येते, पण त्यात मागवलेल्या करवतीऐवजी किंवा लेन्सऐवजी एखादा प्लास्टिकचा गॉगल असतो. पोहोच खरी असल्यामुळे ‘माल मिळाला नाही’ ही तक्रार टिकत नाही. अशा वेळी ‘वर्णनाप्रमाणे वस्तू नाही’ याच सदराखाली तक्रार नोंदवावी लागते. सदर चुकले तर खरा माणूस खोटा पडतो, म्हणून तिथे घाई करू नये.

पोहोचल्याची नोंद खोटी असेल, तर थेट आपल्या टपाल कार्यालयात जावे. पार्सल देताना पोस्टमनच्या स्कॅनरमध्ये त्या जागेचे जीपीएस स्थान नोंदले जाते, आणि पार्सल दुसऱ्याच पत्त्यावर होते का, हे तिथला कर्मचारी पाहू शकतो. तो दुसरा पत्ता गोपनीयतेमुळे तुम्हाला सांगणार नाही, पण तुमच्या पत्त्यावर हे पार्सल नव्हते एवढे लेखी द्यावे, अशी विनंती त्याला करता येते. हा कागद तक्रारीला जोडला की तिचे वजन पालटते. टपाल खात्याची ‘इन्फॉर्म्ड डिलिव्हरी’ ही मोफत सेवा घेतलेली असेल, तर तुमच्या पत्त्यावर येणारी पार्सले आधीच यादीत दिसतात. विक्रेत्याने दिलेला नंबर तुमच्या गावात येऊन ठेपला असताना त्या यादीत नसेल, तर संशय घ्यायला तेवढे कारण पुरेसे आहे.

माल मिळाला पण निकृष्ट निघाला, तर वेळकाढूपणा निराळ्या वाटेने चालतो. ग्राहकाने निरोप पाठवला की उत्तर अतिशय नम्रपणे येते. आधी फोटो मागतात, मग व्हिडिओ मागतात, मग सणाची सुट्टी असल्याचे सांगतात. त्यानंतर ‘वस्तू ठेवून घ्या, आम्ही २० टक्के परत देतो’ असा प्रस्ताव येतो. नकार दिला की ३० टक्के, मग ४० टक्के. प्रत्येक निरोपात दोन-तीन दिवस जातात. शेवटी पूर्ण पैसे हवे असतील तर वस्तू स्वखर्चाने चीनला परत पाठवा, असे सांगितले जाते, आणि तो टपालखर्च वस्तूच्या किमतीहून अधिक असतो. ग्राहक कंटाळून ३० टक्क्यांवर तयार झाला की प्रकरण मिटल्याचे मानले जाते. या सौजन्यामागचा हिशेब पाहिला की संताप येतो, कारण भिडस्त आणि वयस्कर माणसे याला हमखास बळी पडतात.

नियम मात्र ग्राहकाच्या बाजूचे आहेत. अमेरिकेच्या ॲमेझॉनवरील परदेशी विक्रेत्याने परतीसाठी अमेरिकेतला पत्ता द्यावा, किंवा आधीच पैसे भरलेले परतीचे लेबल द्यावे, किंवा वस्तू न मागता पूर्ण पैसे परत करावेत, असे बंधन आहे. ईबेवर वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर परतीचा खर्च विक्रेत्याचा असतो. तेव्हा गोड निरोपांना उत्तरे देत बसण्यापेक्षा पहिल्याच दिवशी संकेतस्थळावर अधिकृत तक्रार उघडावी आणि पुढचे सगळे बोलणे तिच्यातच ठेवावे. विक्रेता ‘आधी तक्रार मागे घ्या, मग लगेच पैसे पाठवतो’ असे म्हणाला, तर पैसे खात्यात जमा होईपर्यंत ती मागे घेऊ नये. एकदा बंद केलेली तक्रार पुन्हा उघडता येईलच असे नाही.

मुदती लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. ईबेच्या हमीखाली प्रत्यक्ष पोहोचल्याच्या किंवा पोहोचण्याच्या अंदाजे शेवटच्या तारखेपासून ३० दिवस मिळतात. ॲमेझॉनच्या ए-टू-झी हमीत पोहोचण्याच्या अंदाजे शेवटच्या तारखेनंतर ९० दिवसांपर्यंत दावा करता येतो. पेपाल या ऑनलाइन पैसे देण्याच्या सेवेत पैसे दिल्यापासून १८० दिवसांत वाद उघडता येतो, पण उघडल्यावर तो २० दिवसांत दाव्यात रूपांतरित केला नाही तर आपोआप बंद होतो. ही २० दिवसांची अट कित्येकांच्या लक्षात राहत नाही आणि विक्रेते नेमका तेवढाच काळ गोड बोलत राहतात. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत अमेरिकेत १९७४ चा कायदा आहे, त्यानुसार ती रक्कम ज्या बिलात प्रथम आली ते बिल पाठवल्यापासून ६० दिवसांत बँकेला लेखी कळवायचे असते. ब्रिटनमध्ये त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याच्या ७५ व्या कलमाखाली, १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या वस्तूसाठी क्रेडिट कार्ड देणारी बँक विक्रेत्याइतकीच जबाबदार धरली जाते. मार्केटप्लेसचा दावा आणि बँकेचा चार्जबॅक, म्हणजे कार्डाचे पैसे बँकेमार्फत परत मागणे, एकाच वेळी सुरू करू नयेत, कारण चार्जबॅक दाखल होताच मार्केटप्लेस किंवा पेपाल आपल्याकडचे प्रकरण बंद करू शकते. आधी मार्केटप्लेस, आणि तिथे न्याय मिळाला नाही तर बँक, हा क्रम बरा, मात्र बँकेची मुदत त्या नादात हुकू देऊ नये.

परदेशातल्या विक्रेत्यांनाच हे इतके सोपे का जाते, याची मुळे टपालाच्या दरांत आणि कायद्यात आहेत. आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेच्या जुन्या दररचनेत चीनकडून येणाऱ्या २ किलोपर्यंतच्या पाकिटासाठी अमेरिकेच्या टपाल खात्याला फार कमी मोबदला मिळे, त्यामुळे चीनमधील शेन्झेनहून अमेरिकेत पाकीट धाडणे काही वेळा अमेरिकेतल्या अमेरिकेत धाडण्याहून स्वस्त पडे. २०१८ मध्ये अमेरिकेने संघटनेतून बाहेर पडण्याची नोटीस दिली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हाच्या विशेष अधिवेशनात दर बदलण्याचा तोडगा निघाला. शिवाय २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतचे पार्सल अमेरिकेत विनाशुल्क आणि जुजबी कागदपत्रांवर येत होते. २०२४ च्या आर्थिक वर्षात अशी सुमारे १३६ कोटी पार्सले आली. इतक्या पाकिटांपैकी किती उघडून पाहता येणार? ही सवलत चीनच्या मालासाठी मे २०२५ मध्ये आणि इतर देशांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाली. त्यामुळे स्वस्त पाकिटांचा ओघ घटू शकतो, पण खोट्या ट्रॅकिंगच्या धंद्याला जकातीची अडचण येत नाही, कारण त्यात खरा माल सीमा ओलांडतच नाही.

कायद्याची अडचण याहून गंभीर आहे. कॅलिफोर्नियातील एका महिलेने ॲमेझॉनवरून घेतलेल्या लॅपटॉपच्या बॅटरीचा काही महिन्यांनी स्फोट झाला आणि ती गंभीर भाजली. पानावरचे विक्रेत्याचे नाव टोपणनाव होते. त्यामागे हाँगकाँगमधील एक कंपनी होती आणि ती खटल्यात उतरलीच नाही. ऑगस्ट २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने अशा वस्तूसाठी ॲमेझॉनला जबाबदार धरता येईल, असे ठरवले. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०२१ मध्ये, रिमोटमधील बॅटरी लहान मुलाने गिळल्याच्या प्रकरणात, आपल्या राज्याच्या कायद्यानुसार ॲमेझॉन विक्रेता ठरत नाही, असा निर्णय दिला. म्हणजे ग्राहक कोणत्या राज्यात राहतो यावर त्याला दाद मिळणे अवलंबून राहिले. २७ जून २०२३ पासून अमेरिकेत इन्फॉर्म कन्झ्युमर्स ॲक्ट लागू झाला. वर्षभरात २०० किंवा त्याहून अधिक व्यवहार आणि ५,००० डॉलर किंवा त्याहून अधिक विक्री करणाऱ्या विक्रेत्यांचे बँक खाते, कर क्रमांक आणि संपर्काची माहिती मार्केटप्लेसने पडताळून घेणे त्यामुळे बंधनकारक झाले, आणि २०,००० डॉलरच्या पुढे विक्री गेली की नाव-पत्ता ग्राहकाला दाखवणेही. माझ्या मते दिशा योग्य आहे. पण आज खाते उघडून महिन्याभरात पसार होणारा विक्रेता या मर्यादेच्या बऱ्याच खालीच राहून आपले काम उरकू शकतो.

रिव्ह्यूंवर कितपत विसंबावे? जुलै २०२० मध्ये अमेरिकेतील असंख्य घरांत न मागवलेल्या बियाण्यांची पाकिटे येऊन पडली. त्यांवर चीनचे टपाल होते आणि आत दागिने असल्याचे लिहिलेले होते. अमेरिकेच्या कृषी खात्याला त्यांत मोहरी, कोबी, पुदिना, जास्वंद अशी बियाणी आढळली, आणि यामागे ‘ब्रशिंग’ असावे, असे खात्याने सांगितले. यात विक्रेता कोणाच्या तरी पत्त्यावर क्षुल्लक वस्तू पाठवतो, म्हणजे खरी विक्री झाल्याची नोंद होते आणि त्या नोंदीच्या आधारे खोटा रिव्ह्यू लिहिता येतो. दुसरी युक्ती म्हणजे जुन्या लोकप्रिय वस्तूच्या पानावर गुपचूप नवीच वस्तू चढवणे. पॉवर बँकेच्या पानावरचे जुने रिव्ह्यू फोनच्या कव्हराबद्दल बोलत असतील, तर ते पान असेच बदललेले असते. म्हणून सरासरी तारे पाहण्यापेक्षा अलीकडच्या महिन्या-दोन महिन्यांतले एक आणि दोन तारेवाले रिव्ह्यू वाचावेत, आणि विक्रेत्याचे स्वतःचे रेटिंग वस्तूच्या रेटिंगपासून वेगळे काढून पाहावे. २०२१ मध्ये ॲमेझॉनने रिव्ह्यूंच्या गैरप्रकारांवरून चीनमधील सुमारे ६०० ब्रँडची ३,००० खाती बंद केली. त्यांतल्या काहींचा माल तसा चांगलाही होता, आणि शेन्झेनमधून इमानाने धंदा करणारे असंख्य लोक आहेत, हेही तितकेच खरे. विक्रेता परदेशी आहे एवढ्यावरून त्याला चोर ठरवणे अन्यायाचे होईल. तो कोण आहे हे कळण्याचा मार्गच नसणे, ही खरी धोक्याची खूण आहे.

महाग वस्तूची किंमत बाजारभावाच्या निम्म्यावर असेल, खाते नुकतेच उघडलेले असेल, किंवा ‘ऑर्डर देण्याआधी या ईमेलवर संपर्क करा’ असे लिहिलेले असेल, तर तिथून मागे फिरावे. मार्केटप्लेसच्या बाहेर पैसे दिले की तिची हमी संपते, आणि पेपालवर मित्र-नातेवाइकांच्या नावाखाली पैसे पाठवले तरी संरक्षण मिळत नाही. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढावा आणि त्यात लेबल स्पष्ट दिसू द्यावे. साठवणुकीची कोणतीही वस्तू घेतली, तर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ किंवा ‘एफथ्री’ यांसारखे मोफत सॉफ्टवेअर लावून ती पूर्ण भरून तपासावी. मोठ्या ड्राइव्हला कित्येक तास लागतील, पण हे काम परतीच्या मुदतीतच करायचे आहे.

भारतात चित्र थोडे निराळे आहे. अलीएक्सप्रेसवर नोव्हेंबर २०२० मध्ये बंदी आली, आणि त्याआधी डिसेंबर २०१९ मध्ये भेटवस्तू असल्याचे दाखवून परदेशातून विनाशुल्क माल मागवण्याची वाट बंद झाली. इथल्या मार्केटप्लेसना २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचे नाव-पत्ता आणि वस्तू कोणत्या देशात बनली हे दाखवावे लागते, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि तिचे निवारण महिन्याभरात करावे लागते. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि २०१९ च्या कायद्यामुळे ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. दुकान नावापुरतेच असेल आणि पैसे सरळ लुबाडले गेले असतील, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते. जुनी नाणी, घड्याळे, फाउंटन पेन किंवा कॅमेऱ्याच्या लेन्स ईबेच्या परदेशी संकेतस्थळांवरून मागवणारे छंदिष्ट आपल्याकडे बरेच आहेत. त्यांच्या व्यवहाराला मुख्य आधार ईबेच्या हमीचा आणि कार्ड देणाऱ्या बँकेचा असतो, आणि पार्सल कस्टम्समध्ये अडकून पडले असले तरी त्या ३० दिवसांचे गणित अंदाजे पोहोचण्याच्या तारखेपासूनच मांडावे लागते.